दळणाची गिटार

नत्थुजींनी गिटारच्या पोटावरच्या गोल भोकात चार बोटं घातली आणि आत चाचपून पाहिलं.

"काका, काय शोधून राह्यले आत?" आचलनं विचारलं. जठारपेठेतलं हे वाद्यांचं दुकान तिच्या वडिलांचं. आता तीच चालवते, तिथंच शिकवतेही.

"काई नाई वं. तोंड पाहून राह्यलो हिचं."

"नातवासाठी घेता?"

"माह्यासाठीच."

आचल हसली नाही. नत्थुजींना तेवढ्यानंच बरं वाटलं. तिनं भिंतीवरची चकचकीत गिटार राहू दिली आणि कोपऱ्यातली साधी, मातकट रंगाची काढली.

"पहिली गिटार नायलॉनच्या तारांची घ्या. पोलादी तार बोटं सोलते. आवाज जरा खालचा असतो हिचा."

"खालचाच पायजे. घरात दुखनाईत माणूस हाय."

"गाणं कोणतं वाजवायचं? त्यावर हात ठरतो. कोणी एकेक तार छेडतं, कोणी सगळ्यांवरून हात फिरवतं."

नत्थुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मग सांगितलं. मैनाबाईंना लकवा झाला त्याला आठ महिने झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं हरवलेल्या माणसाला कधी कधी गाणं सापडतं. दवाखान्यात शेजारच्या खाटेपाशी कोणीतरी गिटार छेडली, तेव्हा तिनं मान वळवली होती. तेवढंच. त्यानंतर कशालाच वळवली नाही.

"दळनाचं गानं हाय तिचं. ती अन् आमची केशरवहिनी, दोघी समोरासमोर बसत जात्यावर," ते म्हणाले, आणि गाणं गायच्या ऐवजी निरोप सांगावा तसं सांगितलं:

"दाने देते तुले जात्या, पीठ देजो मले,
दुख देते तुले जात्या, गानं देजो मले."

"चाल म्हणा ना काका."

"बायांचं गानं ते. मी खाटेवरून आयकलं, वीस वर्सं. चाल नाई येत. फेरा ठाऊक हाय तेवढा." त्यांचा उजवा हात हवेत गोल फिरला.

डाव्या हाताची दोन बोटं अकोटच्या कापसाच्या जिनात कधीचीच जायबंदी झालेली. ती आचलनं पाहिली होती. तिनं खुंट्या पिळून तारा अशा लावल्या, की डाव्या हाताला कामच उरू नये.

"अंगठ्यानं ही जाड तार. हा दगड. मग बोटं हलकेच खाली. हे पीठ. बस, एवढंच करा."

अकोटच्या एस.टी.त त्यांनी गिटार मांडीवर उभी धरली, आजारी लेकराला धरावं तशी.

शेजारच्या पंजाबरावांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काहो नत्थुजी, आता तमाशात जाता का?"

"तू नाचत असशीन तं जातो."

रोज दुपारी ते खोलीत पाऊल टाकत, आणि मैनाबाईंचा शाबूत डावा हात पदर कपाळावर ओढून घेई. चव्वेचाळीस वर्षांत ती त्यांच्यासमोर उघड्या डोक्यानं बसली नव्हती. वाचेनं साथ सोडली, या हातानं सोडली नाही. ती आपल्याला ओळखते, याची नत्थुजींकडे एवढीच खूण होती. पदर घेतला की ती भिंतीकडे पाही. ते वाजवत. दगड, पीठ. दगड, पीठ. भिंत तशीच, नजर तशीच.

दोन महिन्यांनी मैनाबाईंना बोलायला शिकवायला येणारी दीपमाला उंबऱ्यात थांबली. "काका, आता लय आस नका धरू," ती म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यापासून आली नाही.

वैशाखातल्या एका दुपारी लाइट गेली. कूलर थांबला तशी खोली एकदम मोठी वाटली. नत्थुजी वाजवत होते. आशेनं नाही, हाताला लागलेली सवय म्हणून. मैनाबाईंचा डावा हात गोधडीवरून उचलला गेला. मूठ वळली. गिटारच्या गोल तोंडावर आली आणि बोटं हळूहळू सैल झाली. काही पडलं नाही. हात मांडीशी गेला, मूठ भरून परत आला.

जात्यावर असंच असतं: उजवा हात खुंट्याला, डाव्यानं दाण्यांचा घास.

"मैना," असं म्हणायला नत्थुजींनी तोंड उघडलं, आणि त्यांना दिसलं. पदर खांद्यावर घसरला होता. पांढरे विरळ केस उघडे होते. हात तिकडे गेला नाही. दुसऱ्या घासाला नाही, तिसऱ्यालाही नाही. पहाटेच्या अंधारात, जात्यापाशी, बायाबायांत, डोक्यावर पदर कोण घेतं?

केशरवहिनीला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

नत्थुजींनी तोंड मिटलं. मान खाली घातली, आणखी खाली, मिशीला गिटारचं लाकूड लागेपर्यंत. आपला चेहरा तिला दिसायला नको म्हणून. फेरा त्यांनी मोडू दिला नाही. समोरून काही आवाज नव्हता. तिचे ओठ हलत होते का, ते वर पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.