चवथीची भरती

दयारामने खांद्यावरचा टॉवेल दगडी ओट्यावर अंथरला आणि शशिकलाला दोन्ही दंडांना धरून बसवलं. आग्र्याच्या किल्ल्यातला चढ तिला झेपत नव्हता; दर दहा पावलांवर ती थांबली होती. तटाखाली यमुना होती, लांब वळणावर धुरकट ताजमहाल. पण नदी कसली, निम्मी वाळूच.

"फोटोत पान्यामधी उलटा दिसतो," शशिकला म्हणाली.

करंजाडे गावातल्या त्यांच्या घरी कॅलेंडरवर तो तसाच होता. 'आता औषधं नकोत, घरी न्या,' असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तो तसा एकदा बघायचा, एवढंच तिने मागितलं होतं.

"आता ओहोटी हाय," दयाराम नदीकडे बघत म्हणाला. "आज चवथ. तीनला पुरी भरती. तवा दिसल. बस गो निवांत."

चाळीस वर्षं मिठागरात काढलेला माणूस. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, म्हणजे चवथीचे तीन, की भरतीची वेळ त्याच्या तोंडावर. मिठागरं गेली, तिथे विमानतळ आला, तरी शेजारीपाजारी मासे धरायला जाताना त्यालाच विचारून जात. समुद्र इथून कुठच्या कुठे राहिला, हे बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. पाणी म्हटलं की ते चढणार आणि उतरणार, एवढंच त्याला ठाऊक.

तीन वाजले. वाळूवर कुत्री खुशाल निजली होती. साडेतीन झाले. दयारामने पुन्हा बोटांवर तिथी मोजली, मग आणखी एकदा, आणि त्याला रडू येईलसं झालं.

"असा कदी झाला नाय."

"अवो, हितं भरती नसते," शशिकला हळूच म्हणाली. "सकाळीच लॉजवाल्याला इचारला मी, नदी कदी भरते म्हनून."

"मंग मना बसवून कशाला ठेवलंस?"

ती पदराने तोंड पुसत राहिली.

"डाक्टरनी सांगितल्यापासून तुमी कायच छातीठोक बोलला नव्हता. आज बोललाव. बरा वाटला."

दयारामला भयंकर राग आला. कुणाचा, ते त्याचं त्यालाही कळेना. पर्यटक पांगू लागले होते आणि या दोघांची परतीची गाडी आज संध्याकाळचीच होती. त्याने तिच्या दंडाखाली हात घालून तिला उठवलं.

"उद्या पंचमी," तो म्हणाला. "पावणेचारला येल."

"मंग उद्या जरा उशिराच निघू," शशिकला म्हणाली.