वेळ संपल्यावर बेव्ह जे बोलली

मी बोलतोय. हो, मीच, माईक. आजवर माझ्यातून बाकीचेच बोलले. स्वतःचं असं हे माझं पहिलंच बोलणं. अडखळलो तर सांभाळून घ्या.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, टेबर फोर्क गावात शाळा मंडळाच्या बैठकांसाठी मला आणलं. मंडळ म्हणजे गावानंच निवडून दिलेली सात माणसं. पगार नाही, मान थोडा, बोलणी भरपूर. ती लांबलचक टेबलामागे बसत आणि त्यांच्यासमोर, लोकांच्या बाजूला, मी दांड्यावर उभा. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं माझ्यापाशी यायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं. लाल दिवा लागला की थांबायचं. आणि मंडळानं नुसतं ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही, असा नियम.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. माणसं आधी मला टिचक्या मारतात, मग "ऐकू येतंय का?" विचारतात, आणि सगळे हो म्हणाले तरी ओरडूनच बोलतात! मिलो क्रेत्स नावाचा शेतकरी शाळेतल्या जेवणावर तावातावानं बोलायचा. "तो बटाट्याचा लगदा माझ्या डुकरांपुढं ठेवला ना, तर तीसुद्धा रुसून बसतील!" हॉल हसायचा. अध्यक्ष लोर्ना सेडलकही तोंडावर हात धरून हसायची.

लोर्नाला मंडळावर धाडलं ते तिच्या धाकट्या बहिणीनं, बेव्हनं. गावापासून दूर, कॉटनवुड वस्तीवर याच मंडळाची एक छोटी शाळा होती; बेव्ह तिथं पहिलीला शिकवायची. "स्वयंपाकघरात बसून मंडळाला नावं ठेवतेस, त्यापेक्षा निवडणुकीला उभी राहा की!" असं तिनं डिवचलं होतं. दर रविवारी लोर्ना तिच्याकडे जेवायला जाई, आणि सोमवारच्या बैठकीला बेव्हच्या हातचे कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, डबाभर घेऊन येई.

मग कॉटनवुडचं छप्पर खचलं. तपासायला आलेल्या इंजिनियरनं स्पष्ट सांगितलं, आणखी एका हिवाळ्याचं बर्फ ते पेलणार नाही. मुलंही वर्षागणिक कमी होत चालली होती. नवं छप्पर घालायचं की शाळाच बंद करायची? मंडळात तीन जण इकडे, तीन जण तिकडे. उरलं लोर्नाचं मत.

त्या बैठकीला एवढी माणसं आली की मला बास्केटबॉलच्या हॉलमध्ये न्यावं लागलं. एक आई म्हणाली, "माझी पोर अजून बुटाची नाडी बांधायला शिकतेय. तिला पहाटे अंधारात बसमध्ये बसवून गावातल्या शाळेत धाडू?" मिलो आला, पण आज त्यानं कुणाला हसवलं नाही. "शाळा काढून घेतलीत, तर आमच्या वस्तीला गाव तरी कशाला म्हणायचं?" एवढंच बोलून तो जागेवर गेला.

शेवटी बेव्ह. तिनं मला दोन्ही हातांनी धरलं.

"लोर्ना, माझ्याकडे बघ."

लोर्नाची मान कागदावरून वर येईना.

"आपण दोघी तिथंच वाचायला शिकलो. मी 'गाय' वाचताना अडले की तू मागच्या बाकावरून हंबरायचीस. आठवतंय? काहीतरी बोल ना गं!"

लोर्नाचे ओठ हलले. पण नियम होता. लाल दिवा लागला.

"वेळ संपली, बाई," लोर्ना म्हणाली. सख्ख्या बहिणीला बाई म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. हॉल खवळला. "बोलू द्या तिला! बोलू द्या!" त्या गोंधळात टेबलाच्या टोकाला बसलेल्या कुणीतरी मला बंद केलं.

बेव्हला ते कळलंच नाही. तिचे ओठ मला टेकले, इतकी ती वाकली, आणि हळूच म्हणाली, "छप्पर पडणार हे मलाही दिसतंय गं. तुझ्या जागी मी असते तर मीही बंदच केली असती. मी चिडेन, रडेन, लक्ष देऊ नकोस. रविवारी मात्र ये."

माझ्यापर्यंत सगळं पोचलं. माझ्यातून पुढं मात्र काहीच गेलं नाही.

लोर्नानं शाळा बंद करण्याच्या बाजूनं हात वर केला.

रविवारी ती गेली नाही. "कुठल्या तोंडानं जाऊ?" असं ती मंडळाच्या चिटणीसबाईंना म्हणाली, तेव्हा मी शेजारीच होतो. बेव्हनं दोन ताटं मांडून वाट पाहिली, हे मिलोच्या बायकोनं नंतर सांगितलं. ये म्हणून सांगितलेलं ऐकूनही ही आली नाही, हे बेव्हनं मनाला लावून घेतलं. उन्हाळ्यात ती मुलाकडे, दूर ओरेगन राज्यात, निघून गेली.

पुढच्याच हिवाळ्यात कॉटनवुडचं छप्पर कोसळलं. आत कुणी नव्हतं. तोवर लोर्ना निवडणूक हरली होती. मिलो तिला म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, अध्यक्षबाई."

त्यानंतर बऱ्याच काळानं ती माझ्यापाशी आली, इतरांसारखी, लोकांच्या बाजूनं. बेव्ह ओरेगनमध्ये झोपेतच वारली होती. गावातल्या शाळेच्या वाचनाच्या खोलीला तिचं नाव द्यावं, एवढीच लोर्नाची विनंती होती. ती सांगून झाली, तरी लोर्ना हलेना. दिवा हिरवाच होता, म्हणजे वेळ शिल्लक होती.

"बेव्ह," ती म्हणाली, "त्या दिवशी तुझे ओठ हलत होते. काय म्हणत होतीस गं?"

हे मात्र सगळ्या हॉलला ऐकू गेलं. उत्तर फक्त माझ्यापाशी होतं. पण दिलेला आवाज पुढे नेणं एवढंच मला येतं. बेव्हनं दिला तेव्हा मी बंद होतो, आणि आता तो देणारं कुणी नव्हतं.

आता नवे बिनतारी माईक आलेत. मी कपाटात गुंडाळलेल्या वायरींखाली पडून आहे. तक्रार नाही. एक मागणं तेवढं आहे. तुम्ही कधी अशा टेबलामागे बसलात, तर वेळेचा नियम जरूर पाळा. पण बैठक उरकली की खाली उतरा. ज्याची वेळ संपली ते माणूस अजून बाहेर, आपल्या गाडीपाशी उभं असेल. त्याला विचारा, तुमचं काय सांगायचं राहिलं?