स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडे

कर्जतच्या बाजारात हर्षला ठोंबरेचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक आत शिरलं की तिला आधी त्याच्या नाकावरचा वाकडा चष्मा दिसतो, माणूस नंतर दिसतो. अशा बाईने नेमकी अशी गाडी घ्यावी की जिचं काहीच सरळ नाही, यात दोष तिचा तिचाच होता आणि ती तो कुणावर ढकलतही नव्हती.

गाडी साठीच्या दशकातली, इंग्लंडमध्ये घडलेली, दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. नेरळच्या एका बंगल्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. हर्षलाने ती हौसेने घेतली, रंग लाल ठेवला, इंजिन चालू करून घेतलं. इंजिन बिचारं गुणी निघालं. वैताग होता तो पुढच्या दोन चाकांचा. स्टिअरिंग फिरवायला घेतलं की सुरुवातीचं फिरवणं नुसतंच वाया जायचं, मग कुठे चाकांना जाग यायची. खड्डा लागला की बोनेट होडीसारखं वरखाली होत राहायचं, पुढचा खड्डा येईपर्यंत. आणि गाडी उभी करायची म्हणजे दोन्ही दंडांनी पोहऱ्याने पाणी शेंदल्यासारखं ते चाक ओढायचं. भिसेगावातल्या तिच्या घरापाशी गाडी आली की शेजारची संजना आपली स्कूटर आधीच आत घ्यायची.

हे सगळं हर्षलाने चालवून घेतलं असतं. पण एका सकाळी उल्हास नदीच्या पुलावर समोरून एसटी आली. हर्षलाने गाडी डावीकडे घेतली, म्हणजे स्टिअरिंग घेतलं, गाडी होती तिथेच राहिली. एसटी आरसा घेऊन गेली. पुढे थांबून कंडक्टरने मान बाहेर काढली आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, ही घरात ठेवा, बघायला चांगली आहे."

त्या दिवशी तिने ठरवलं. जुना स्टिअरिंग बॉक्स काढून टाकायचा आणि आजकालच्या गाड्यांना असतो तसा रॅक बसवायचा. सरळ दांडा, त्यावर दातेरी चाक, मध्ये झोल नाही. जुनाट शॉकअप काढून नवे लावायचे. झिजलेले सांधे बदलायचे. गाडी खालून टॉर्च लावून तिने स्वतः पाहिली, मापं घेतली आणि चौक गावच्या युनूस मिस्त्रीकडे नेऊन सोडली.

युनूसच्या हाताला चांगला गुण होता, हे खालापूर तालुक्यात कुणीही सांगेल. अडचण वेगळीच होती. हर्षलाचा मोठा भाऊ संतोष याचे भाताचे टेंपो वर्षानुवर्षं युनूसकडेच दुरुस्तीला यायचे. त्यामुळे हर्षलाने काहीही सांगितलं की युनूस मान डोलवायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, "बरोबर ताई. दादांना एकदा विचारून घेतो."

"गाडी माझी आहे, युनूसभाई."

"तुमचीच हाय ना. मी कुठं नाय म्हणतो? पण काम समोरच्या चाकाचं. एकदा विचारलेलं बरं."

मग तिच्यासमोरच फोन लागायचा. पलीकडून संतोष भाताच्या गिरणीच्या आवाजात ओरडायचा आणि हर्षलाच्या गाडीबद्दल निर्णय द्यायचा. संतोषने आयुष्यात टेंपोशिवाय काही चालवलं नव्हतं. त्याच्या मते गाडीला दोनच आजार असतात, ग्रीस नसणं आणि ड्रायव्हर नवा असणं.

रॅक कुठला घ्यायचा यावर घोडं अडलं. इंग्लंडहून मागवायचा तर वाट बघत बसावं लागणार. संतोषने फोनवरच निकाल लावला: आपल्याकडे रस्तोरस्ती दिसतात त्यातल्या एखाद्या लहान गाडीचा घ्या, उद्या बिघडला तर कर्जतलाही मिळेल. हे मात्र हर्षलाला पटलं. तिने एवढंच विचारलं, "त्या गाडीत हा रॅक चाकांच्या मागे असतो की पुढे? आपल्याला मागे जागा नाही, इंजिन आड येतं. पुढे बसवावा लागेल."

युनूसने फोनमध्ये विचारलं, "दादा, ताई विचारतात मागं का पुढं."

"रॅक म्हणजे रॅक," संतोष म्हणाला. "बसव."

आणि युनूसने बसवला.

त्यानंतरचे दिवस हर्षलाला आपल्या गाडीची खबर भावाकडून मिळत राहिली. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला संतोष यायचा, काउंटरवरचा फडका उचलून कुणाचा तरी चष्मा पुसत बसायचा आणि सांगायचा की आज शॉकअप लागले, आज सांधे झाले. तिने चौकला फोन केला की युनूस म्हणायचा, "दादांना सगळं सांगितलंय ना मी." रागाने तिचे कान तापायचे. एकदा तिने संतोषला स्पष्ट विचारलं, "तुला चष्म्याचा नंबर लागला, तर मी वहिनीला विचारून देऊ का?"

"त्याचा काय संबंध?" संतोष म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. ते बघून तिला जास्त चीड आली.

रविवारी गाडी तयार झाली. हर्षला चौकला पोचली तेव्हा गाडी गॅरेजच्या तोंडाशी उभी होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर संतोष बसला होता. गुडघे स्टिअरिंगला टेकलेले.

"उतर, दादा."

"अगं, आधी मी बघतो. ब्रेकबिक नीट हायत का नाय. मग तू घे."

युनूस दुसरीकडे बघू लागला. हर्षलाने गाडीचं दार धरलं होतं, पण संतोषने गाडी सुरू केली, तेव्हा तिला ते सोडावं लागलं. गॅरेजसमोर धाऊकाकांचं खळं होतं, म्हातारे धाऊकाका तिथे खाटेवर ऊन खात बसले होते. रस्त्याला लागायचं तर खळ्याच्या कडेने डावीकडे वळायचं, इतकं सोपं काम. संतोषने स्टिअरिंग डावीकडे घेतलं. गाडी उजवीकडे निघाली. माणूस काय करतो? आणखी डावीकडे फिरवतो. गाडी आणखी उजवीकडे गेली आणि धाऊकाकांच्या पेंढ्याच्या गंजीत बोनेटभर शिरून बंद पडली.

कुणाला काही लागलं नाही. पेंढा वरून घसरत संतोषच्या डोक्यावर, मांडीवर, बाजूच्या रिकाम्या सीटवर पडत राहिला. एक कोंबडी ओरडत निघून गेली.

धाऊकाका खाटेवरून उठलेही नाहीत. "फिरवलंस तिकडं नि गेलास हिकडं," ते म्हणाले. "दारू प्यायलास काय रं, संतोष? सकाळची येळ हाय."

"प्यालो नाय, काका. गाडीच उलटी जाते."

"गाडी कशी उलटी जाईल? गाडीला काय ठावं?"

हर्षला गाडीशी गेली, खाली वाकली, हात आत घालून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि चाकाकडे पाहिलं. चाक उजवीकडे वळलं. त्या लहान गाडीत रॅक चाकांच्या मागे बसतो, इथे तोच उचलून पुढे बसवला होता. ढकलायचं तिथे तो आता ओढत होता. जॅकवर गाडी चढवून चाकं फिरतात का हे युनूसने बघितलं होतं. कुणीकडे फिरतात ते कुणीच बघितलं नव्हतं.

"दादा, तुमीच बोललात रॅक म्हणजे रॅक," युनूस म्हणाला.

"अरे, पण तुला कळत नाय? मिस्त्री कोण, तू का मी?"

"तुमी बसव म्हटलंत."

"मी टेंपोचं सांगतो, तुझ्या हातात ही असली भावली—"

हर्षला दोघांच्या मध्ये उभी होती आणि दोघेही तिच्या डोक्यावरून बोलत होते. तिने हात घालून किल्ली काढून घेतली.

"मी डाव्या डोळ्याची काच उजव्या डोळ्याला बसवली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मला येऊन विचारतं," ती म्हणाली. "माझ्या भावाला विचारत नाही. युनूसभाई, उद्यापासून मी इथे बसणार. दादा, तू गिरणीवर जा."

ती खरोखरच बसली. दुकानावर मदतनीस मुलीला ठेवून रोज चौकला जायची, गॅरेजच्या बाकावर बसायची. युनूसला ते अवघड झालं. पहिले काही दिवस तो तिच्याशी बोलायचा तोही गाडीकडे बघून. शेवटी चहा घेताना तिने विचारलंच, "मला एक सांगा. मी समोर असताना दादाला फोन का?"

युनूसने कपातल्या चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं, ते बोटाने काढून खाल्लं, मग बोलला. "एक बाई आल्या होत्या स्कूटर घेऊन. इंजिन खोला म्हणाल्या, मी खोललं. दुसऱ्या दिवशी नवरा आला. तुला कुणी सांगितलं खोलायला, म्हणून कॉलर धरली. शारिक समोर होता, माझा मुलगा. तेवापासून मी विचारून घेतो."

"माझ्याकडून कोण येणार कॉलर धरायला? माझं लग्नच झालेलं नाही."

"म्हणूनच तर दादांना."

माणूस चुकत होता, पण का चुकत होता ते कळल्यावर त्याच्यावर नुसतं चिडूनही भागेना. तेही तिला सहन होईना. "मी स्वतः येऊन धरीन कॉलर, वेळ आली तर," ती म्हणाली. युनूस हसला आणि त्यानंतर तिच्याकडे बघून बोलू लागला.

ज्या गाडीत रॅक मुळातच चाकांच्या पुढे असतो, अशा गाडीचा रॅक शोधून आणला. तो बसवला. स्टिअरिंग डावीकडे फिरवून गाडी डावीकडे जाते हे दोघांनी खाली वाकून, मग उलट बाजूने, मग पुन्हा पाहिलं. धाऊकाकाही येऊन बघून गेले.

आता पहिली फेरी हर्षलाची. चौकहून ती कर्जत रस्त्याला लागली. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग एका हाताने फिरत होतं. ती गुणगुणायला लागली, तेवढ्यात गतिरोधक आला आणि गाडी स्वतःच्या मनाने डावीकडे उडाली. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा. त्यात भर नव्या कडक स्प्रिंगांची. त्या बाकी हर्षलाच्याच हट्टाच्या होत्या. युनूसने "ताई, आपले रस्ते बघा" म्हणून दोनदा सुचवलं होतं, आणि तिने वळणावर गाडी झुकायला नको म्हणून कडकच लावा सांगितलं होतं. परत येईपर्यंत तिचे दात दुखायला लागले.

"स्प्रिंगा काढा," ती उतरून म्हणाली.

"दादांना—" युनूसने सुरुवात केली आणि स्वतःच थांबला. "काढतो."

गाडी उडण्याचं कारण रॅकच्या उंचीत होतं. चाक वर उचललं गेलं की रॅकचा दांडा त्याला एका बाजूला ओढत होता. मग रॅकखाली पत्र्याचे तुकडे घालायचे, फिरवून यायचं, तुकडा काढायचा, पुन्हा फिरवून यायचं. हर्षला गाडी चालवायची, युनूस बाजूला बसून चाकाकडे वाकून बघायचा. एकदा रॅक इतका वर गेला की गाडी उजवीकडे उडायला लागली. दोघांनी गाडी नुसती वळवून परत आणली. वैतागाचीही सवय होते. शेवटी एका दुपारी गतिरोधकावरून गाडी सरळ गेली. पुढच्यावरूनही. युनूसने खिशातून तंबाखू काढली आणि परत ठेवून दिली.

त्याच संध्याकाळी ती गाडी घरी घेऊन आली. भिसेगावच्या वळणावर सवयीने तिने स्टिअरिंग फार आधी फिरवलं आणि गाडी ताबडतोब वळली, थेट संजनाच्या ओट्याकडे. ब्रेक वेळेवर लागला. संजना स्कूटर आत ठेवून बाहेर आलेलीच होती. "मला वाटलं, नीट करून आणलीस," ती म्हणाली.

"गाडी नीट झाली. आता मला व्हायचंय," हर्षला म्हणाली, आणि गाडी मागे घेऊन पुन्हा वळवली.

पुढच्या रविवारी पोशीरला मावशीकडे जायचं होतं. संतोष आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डावीकडच्या सीटवर बसला. कर्जत सुटलं. प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. हर्षलाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. नेरळच्या अलीकडे एक भला मोठा खड्डा आला. चाक आत गेलं, बाहेर आलं, गाडी सरळच राहिली.

"हलकं झालंय स्टिअरिंग," संतोष म्हणाला.

"हं."

"मला दे बरं जरा. पोशीरपर्यंत."

"नाही."

"येताना?"

"येतानाही नाही."

संतोषने हात मांडीवर ठेवले आणि बाजूच्या शेतांकडे बघू लागला. नेरळ आलं. पुढच्या उजव्या चाकाकडून बारीक करकर ऐकू येऊ लागली. खड्ड्यापर्यंत ती नव्हती. हर्षलाने कान दिला. नवीन सांधा असेल, नाहीतर स्प्रिंगची बैठक. संतोषनेही मान कलती केली होती.

"ग्रीस," तो म्हणाला.

हर्षलाने ओठ घट्ट मिटून घेतले आणि गाडी पोशीरच्या रस्त्याला वळवली.