ताईबाईचा गावठी गुलाब

रविवारी सकाळी बाजीरावानं उसातल्या तणावर औषध मारलं आणि पंप न धुताच पडवीत टेकवून ठेवला. एरवी त्याच्या हातून असं झालं नसतं. साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस; पाना पुसून जागेवर ठेवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. पण त्या दिवशी पाठीवरून पंप उतरवला तेव्हा त्याला वाटलं, इथंच बसावं आणि पुन्हा उठूच नये.

त्याची बायको ताईबाई, तिच्या किडन्या निकामी झाल्याला दोन वर्षं होत आली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी बारामतीत डायलिसिस. अंधारात उठून पाणी तापवायचं, तिची अंघोळ, बिनमिठाचं कालवण, मग रिक्षा, मग चार तास दवाखान्याच्या बाकावर. कन्हेरीत परत आलं की ती भिंतीकडं तोंड करून झोपायची आणि बाजीराव भांडी घासायचा. मुलगा संघपाल चाकणला नोकरीला होता. महिन्यातून दोनदा यायचा, "आप्पा, तुमी दोघं तिकडंच चला" म्हणायचा. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आई चढणार कशी, हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून बोलणं तिथंच थांबायचं.

न्हाणीच्या मागं ताईबाईचा गुलाब होता. गावठी. डोक्याएवढा उंच, वेडावाकडा पसरलेला, अंगभर काटे. फूल फिकट गुलाबी, मुठीत मावेल एवढं, आणि दुपार झाली की पाकळ्या गळायला लागायच्या. पण वास असा, की सकाळी न्हाणीत शिरलेला माणूस उगाच दोन तांबे जास्त अंगावर घ्यायचा. रोज दोन फुलं बुद्धांच्या मूर्तीपुढं, एक बाबासाहेबांच्या फोटोपुढं. उरलेल्या पाकळ्यांचा खडीसाखर घालून गुलकंद. बाजीरावानं इतक्या वर्षांत त्या झाडाकडं नीट बघितलंसुद्धा नव्हतं. त्याच्या लेखी ते शर्ट फाडणारं झाड होतं.

ती आजारी पडली आणि झाड त्याच्याकडं आलं. ऑक्टोबरात छाटणी केली तेव्हा ती मागच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. "अजून खाली घ्या. अवो, फुटव्याच्या डोळ्याच्या वर कापा. डोळा बाहिरच्या अंगाला बघनारा पायजे." त्याचे दोन्ही हात रक्ताळले. तिला दिवसाला एक लिटर पाण्याची परवानगी, त्यात चहा आणि गोळ्यांचं पाणी धरून. तो झाडाला बादली ओतायचा तेव्हा ती टक लावून बघायची आणि म्हणायची, "घाला, घाला. त्याला डॉक्टर न्हाय."

डिसेंबरात झाड भरून फुललं. जानेवारीत ढगाळ हवा पडली आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा चढला. "निंबोळी अर्क मारा," ताईबाई म्हणाली. सोमवारी संध्याकाळी त्यानं पंप उचलला, अर्क ओतला, पाणी भरलं आणि झाड वरपासून खालपर्यंत भिजवून काढलं. पंपाच्या तळाला आदल्या दिवशीचं तणनाशक उरलेलं आहे, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, त्याला लवकर अंथरुणाला पाठ टेकायची होती.

चौथ्या दिवशी शेंडे वाकडे झाले. आठवड्यात पानं दोरीसारखी पिळवटली आणि कळ्या देठातून माना टाकून लोंबायला लागल्या. बाजीराव झाडापुढं उभा राहिला. उसातलं तण असंच पिळवटून मरतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानं वळून पडवीतल्या पंपाकडं बघितलं.

त्यानं बिघडलेले शेंडे कापले, पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या, बुंध्याची माती उकरून बदलली. फांद्यांचा काळेपणा खाली उतरतच गेला. थंडीमुळं ताईबाई मागच्या दारी येत नव्हती, तेवढं बरं होतं.

"कळ्या दिसतायत का?" ती विचारायची.

"येतायत. गारठा हाय अजून."

मूर्तीपुढं ठेवायला त्यानं बारामतीतून विकतची फुलं आणली. लालभडक, लांब देठाची, कशाचाही वास नसलेली. ताईबाईनं ती बघितली आणि पंचशील म्हणायला हात जोडले.

मग त्याला सिंधुबाई आठवली. ती कन्हेरीच्या अंगणवाडीत सेविका होती आणि ताईबाई तिची मदतनीस. वीस वर्षं दोघींनी एकाच शेगडीवर पोरांची खिचडी शिजवली. निवृत्त झाल्यावर सिंधुबाई इंदापूरला लेकीकडं राहायला गेली, ती ह्याच गुलाबाची काडी घेऊन.

बुधवारी त्यानं शेजारच्या बानूबाईला ताईबाईजवळ बसवलं. "पेन्शनच्या कागदाचं काम हाय," असं सांगून तो निघाला आणि बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी धरली. खिडकीला डोकं टेकताच झोप लागली. निमगाव केतकी कधी गेलं कळलं नाही. इंदापुरात कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा क्षणभर त्याला वाटलं, डायलिसिस संपलं आणि सिस्टर बोलवायला आली.

सिंधुबाईनं दार उघडलं. ओट्यावर ओल्या फडक्यात आठ काड्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या, तिरक्या कापलेल्या, वरची दोन-दोन पानं राखलेल्या. तिच्या पलीकडं अंगणात तोच गुलाब होता, निम्म्या उंचीचा, आणि वास दारापर्यंत आलेला.

बाजीराव काड्यांकडं बघत राहिला. "मी येनार हे कुनी सांगितलं?"

"बसा आधी, दाजी."

"कुनी सांगितलं?"

सिंधुबाईनं पदरानं हात पुसले. "सकाळी तिचा फोन आला हुता. म्हनली, कागदाचं काम म्हनून गेलेत, पन पिशवीत कात्री घेतलीया. तुझ्याकडंच येत असतील, काड्या काढून ठेव. आन् मी फोन केला हे सांगू नको, असं बी म्हनली. पन माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय, तुमाला ठावं हाय."

"तिला कळलंय?"

"पंधरा दिस झाले. न्हाणीत वास येईना म्हनली. पंपाचा वास तर तिला त्याच सांजेला आला हुता." सिंधुबाईनं चहाचा कप त्याच्याकडं सरकवला. "मी म्हनलं, मग बोल की त्यास्नी. तर म्हनली, नगं सिंधे, ते लय दमलेत. माझ्यापायी त्यांची झोप गेली, आता ह्याचं बी ओझं कशाला टाकू?"

बाजीरावाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसते खांदे खाली आले. चहा गार झाला तरी तो तसाच बसून राहिला.

घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. बानूबाई उठून गेली. ताईबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. पायांवर सूज दिसत होती.

"झालं काम?"

बाजीरावानं पिशवीतलं फडकं काढून तिच्याजवळ ठेवलं. "पंप धुतला न्हवता मी."

"म्हाईत हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोललासा?"

तो खाटेच्या कडेला टेकला. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला.

"मी दमलोय गं," बाजीराव म्हणाला. दोन वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा तोंडातून काढलं. आजारी माणसापुढं कसं म्हणायचं, म्हणून गिळत आला होता.

"मी बी," ताईबाई म्हणाली. तिनं सुजलेले पाय भिंतीकडं ओढून घेतले आणि त्याला जागा केली. तो तसाच, चपला न काढता, आडवा झाला. त्या संध्याकाळी चूल उशिरा पेटली.

दुसऱ्या दिवशी पुढच्या अंगणात तेलाच्या चार डब्यांत वाळू-माती भरून काड्या लावल्या. ताईबाई खुर्चीतून सांगत होती. मागची माती नको, पंप नको, पाणी हातानंच शिंपडायचं. दहा दिवसांत चार काड्या काळ्या पडल्या. उरलेल्या चारांना पानं फुटली, आणि त्यातल्या दोन आठवडाभर हिरव्या राहून अचानक सुकल्या. मार्चात ताईबाईच्या छातीत पाणी झालं, नऊ दिवस दवाखान्यात काढावे लागले. बानूबाई सकाळ-संध्याकाळ डब्यांवर पाणी शिंपडत होती, तरी एक काडी उन्हानं गेली. राहिली एक.

दवाखान्यातून आलेली ताईबाई आधीची नव्हती. आवाज खाली गेला होता आणि पायरी चढतानाही तिला धरावं लागायचं. संघपालनं आईबापाजवळ राहायचं म्हणून बारामतीच्या एमआयडीसीत काम शोधायला घेतलं. तो शुक्रवारी रजा टाकून यायला लागला, तेव्हापासून बाजीरावाला आठवड्यातून एक सकाळ घरी मिळायला लागली. त्या सकाळी तो बहुतेक झोपायचा.

ती एक काडी जूनमध्ये जमिनीत गेली. ऑगस्टात त्या हातभर झाडाला कळी आली. बाजीरावानं ताईबाईला धरून अंगणात आणलं. तिनं वाकून बघितलं.

"खुडा ती."

"का?"

"झाड ल्हान हाय. आत्ताच फुलू दिलं तर मूळ धरनार न्हाय नीट."

"एक तर फूल, ऱ्हाऊ दे की. किती महिने झाले तुला वास..." तो अडखळला. पुढच्या साली बघू, असं त्याच्या ओठावर आलं होतं आणि ते म्हणवलं नाही.

ताईबाईला ते न म्हटलेलंही कळलं. "माझ्यापायी झाडाची वाट लावू नका," ती म्हणाली. "खुडा. दिवाळीच्या आधी आलेल्या कळ्या बी खुडायच्या. ध्यानात ठेवा, मी सांगायला असो-नसो."

त्यानं नखानं कळी खुडली आणि तिच्या तळहातावर ठेवली. घट्ट, हिरवी, टोकाला गुलाबी रेघ दिसेल न दिसेल एवढी. तिनं ती चुरगाळून नाकाशी धरली.

"काय येतोय का वास?"

"पाल्याचा येतोय," ती म्हणाली. "बसा जरा हितं. भांडी मागनं घासा."

बाजीराव पायरीवर तिच्याशेजारी बसला. तिनं त्याच्या खांद्यावर भार टाकला. भार फारसा नव्हताच.