मशीनचं बारसं

आम्हा बायकांना उद्योजक करायला मालकांना अर्धा तास पुरला. पेरूतल्या लिमा शहराच्या गमार्रा बाजारात, चौथ्या मजल्यावर, आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. सोमवारी कामगार म्हणून जिना चढलो आणि उद्योजक होऊन उतरलो. मधे फक्त एक केक होता.

माणूस धंद्यात का पडतो, यावर शिकलेले लोक बरंच लिहितात. स्वप्न असतं म्हणे, जिद्द असते, काहींच्या रक्तातच असतं. आमच्यातल्या एदेलमीराच्या रक्तात काय होतं मला माहीत नाही. तिला आठवा महिना लागला होता, एवढं माहीत आहे. बाळंतपणाची भरपगारी रजा कायद्याने मिळते, पण ती कामगार बाईला. त्या रजेने पोट दुखत होतं आमचे मालक ओर्मेन्यो यांचं. उद्योजक बाईला कसली रजा? झालं, एदेलमीराचं स्वप्न ठरलं. आमचीही स्वप्नं मालकांनी तिच्याबरोबरच उरकून घेतली.

आमच्याकडे ट्रक असो, दुकान असो, पाद्र्याने पाणी शिंपडल्याशिवाय आणि धर्मबापाने बाटली फोडल्याशिवाय चालू होत नाही. मालकांनी आमच्या जुन्याच मशिनांना रिबिनी बांधल्या. पाद्रीबाबांना आणलं. सगळ्या मशिनांत मिळून एकच बाटली फोडली आणि सगळ्यांचे धर्मबाप स्वतःच झाले. धर्मबापाने काहीतरी द्यायचं असतं. त्यांनी भाषण दिलं.

"आजपासून इथे कोणी कोणाचा नोकर नाही. मशीन तुमचं, धंदा तुमचा. तुम्ही शिवा, बिल लावा. मी तुमचं साधं गिऱ्हाईक."

आम्ही टाळ्या वाजवल्या. केक समोर असला की हात आपोआप वाजतात.

एदेलमीराने विचारलं, "मालक, माझ्या रजेचं काय?"

"मालक नाही, आता कोम्पाद्रे म्हणायचं. बारशाने नातं जुळलं आपलं. आणि रजा हवी तेवढी घ्या की, तुम्हाला अडवणारा मी कोण?"

"आणि पैसे?"

"ते धंद्यातून काढायचे. उद्योजकासारखा विचार करायला शिका जरा, कोमाद्रे."

"शिकते," ती म्हणाली आणि हाताला लागलेलं केकचं क्रीम पुसलं.

बुधवारी ती आपल्या दिराला घेऊन आली. त्याने पाना काढला आणि तिचं मशीन टेबलावरून सोडवायला बसला. मालक ऑफिसातून धावत आले.

"हे काय चाललंय?"

"रजेवर चाललेय, कोम्पाद्रे."

"मग जा ना. मशीन कुठे नेतेस?"

"माझं आहे, म्हणून नेतेय. पाद्र्यासमोर तुम्हीच त्याचे धर्मबाप झालात. स्वतःच्याच मशीनचा कोणी धर्मबाप होतो का?"

"अगं बाई, तो समारंभ होता. असं बोलायचं असतं समारंभात."

"मग पोलिसांना बोलवा. सांगा, मशीन तुमचं, जागा तुमची, आणि ही बाई सात वर्षं तुमच्या घड्याळाप्रमाणे कामाला येते. ते विचारतील, मग ही तुमची कोण?"

मालकांनी आमच्याकडे पाहिलं. साक्षीदार शोधत असावेत. आम्ही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या, त्याची तेव्हा लाज वाटली होती; आता बरं झालं वाटलं.

"आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, कोम्पाद्रे," मी म्हणाले. "पाद्रीबाबांनीही."

मालक जिन्याच्या वाटेतून बाजूला झाले. पोटुशी बाईला धक्का लागायला नको, असं म्हणाले. फार कनवाळू माणूस.

मशीन तिच्या घरी पोचलंच नाही. खालच्याच गल्लीत जुन्या मशिनांचा व्यापारी बसतो, त्याला तिने ते विकलं. पाठीत कळ येत होती, तरी किमतीत एक पैसा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी आमची मशिनं टेबलांना साखळ्यांनी जखडली. उद्योजकांच्या मालमत्तेची काळजी म्हणून. आम्ही त्या साखळ्यांचे फोटो काढले आणि कामगार खात्याच्या साहेबांकडे घेऊन गेलो. साहेब अजून विचार करताहेत.

मी एदेलमीराला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर आडवी होती. मुलगी छातीवर झोपलेली.

"काय मग उद्योजकबाई, धंदा कसा चाललाय?"

"बंद केला," ती म्हणाली. "पोरगी मान धरेपर्यंत पुरेल एवढं झालं. मग नोकरी शोधेन."