सोमारीची जोडीदार

सोमारी पंधरा वर्षांची, पण समज लहान लेकराची. अंग जड, थोडं चालली तरी धाप लागायची. शाळेतल्या रीता मॅडमनी अशा मुलांसाठी सकाळचा व्यायाम सुरू केला आणि प्रत्येकाला त्याच्याच वयाचा जोडीदार दिला. सोमारीच्या वाट्याला नववीतली दीपिका आली.

सुरुवातीला सोमारी मैदानात फतकल मारून बसायची. मॅडमनी आवाज चढवला की कान झाकायची. मग दीपिकाही तिच्यासमोर तशीच बसायची, हात वर करून दाखवायची. "तू बी कर ना वो!" हळूहळू सोमारी हात हलवू लागली, उठू लागली. दिवाळीपर्यंत दोघी हातात हात घालून मैदानाला फेरी मारत होत्या. सोमारीची आई ठमाबाई कुंपणाशी उभी राहून बघायची. पोरगी आता रात्री शांत झोपत होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मैदानामागच्या जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईला वाघानं मारलं. मैदान बंद झालं. दीपिकाच्या वडिलांनी तिला वडशाला मामाकडे पाठवलं.

सोमारीला यातलं काहीच कळलं नाही. रोज उजाडलं की ती दाराशी जायची. "दीपी, दीपी" करायची. ठमाबाईनं बाहेरून कडी लावली, तर दारावर डोकं आपटायची.

एका रविवारी दीपिका भेटायला आली. "आपण इथीच करू, अंगणात," ती म्हणाली. सोमारीनं हात वर केले, हसली, आणि मग दीपिकाचं मनगट धरून तिला मैदानाकडे ओढू लागली.

"नाई सोमारी, तिकडे वाघ हाये."

सोमारी आणखी जोरात ओढू लागली. दीपिकानं हात सोडवून घेतला, तशी सोमारी किंचाळली आणि स्वतःच्याच हाताला कडकडून चावली. ठमाबाई धावली.

दीपिका रडत होती. "काकी, मी का करू? बाबा मले इथी राहू देत नाई."

"तुयी चूक नाई, माय. पण तू आता येत नोको जाऊ. तू गेली का थे जेवत नाई."

दीपिका मागच्या दारानं निघाली. सोमारीनं ते पाहिलं आणि उसळी घेतली. ठमाबाईनं तिला दोन्ही हातांनी कवळून धरलं. ठमाबाईचे खांदे भरून आले, पण सोडायची हिंमत होत नव्हती.