आवाजवाल्या काकांचा फोन

काकांचा उभा जन्म रंगमंचावर आणि माइकसमोर गेला. गल्लीत सगळे त्यांना 'आवाजवाले काका' म्हणत. राजा, खुनी, कार्टूनमधलं अस्वल, साबणाची जाहिरात, काय काय केलं म्हणून सांगू! रंग उतरवला की चेहरा कुणी ओळखत नसे, पण दुकानात "अर्धा किलो साखर" म्हटलं की माणसं वळून बघायची. बायको म्हणायची, "बाहेर सिंहगर्जना, आणि घरात तोंडाला कुलूप!"

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात छाती धरून खाली बसली, ती उठेचना. काकांनी कसाबसा रुग्णवाहिकेचा नंबर लावला.

"नमस्कार. घाबरू नका. लाईनवर राहा, आम्ही लवकरच आपल्याशी बोलू."

कोण बोलावं? ते स्वतःच! मागच्या वर्षी त्यांनीच हे रेकॉर्ड केलं होतं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, "काका, अजून सावकाश. ऐकणाऱ्याला घाई वाटायला नको." मग काकांनी 'घाबरू नका'नंतर असा काही श्वास घेतला, की काचेपलीकडे सगळ्यांनी माना डोलावल्या. आता तो मेला श्वास संपता संपत नव्हता.

स्पीकर लावून फोन तिच्या उशाशी ठेवला आणि ते खिडकीकडे धावले. "अहो, धावा! माझी बायको चालली हो! कुणीतरी या!"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींनी चक्क टाळ्या वाजवल्या. "वा काका! नवीन नाटक वाटतं?" रोज दुपारी याच खिडकीत तालीम चालायची, त्या बिचारीचं तरी काय चुकलं?

"नाटक नाही हो, खरंच!" काका किंचाळले.

"अगदी खरं वाटतंय!" म्हणत वहिनी हसत आत गेल्या.

काका परत आले. बायकोने डोळे किलकिले केले होते. फोनमधलं चालूच होतं, "घाबरू नका..."

"किती शांत बोलताय हो," ती पुटपुटली. "मला वाटलं, घाबरलात तुम्ही." तिने त्यांचा हात धरला. मग तिची पकड हळूच सैल पडली.

तेवढ्यात फोनवर खरीखुरी मुलगी आली. "हॅलो, बोला. पत्ता सांगा."

जन्मात कधी एन्ट्री न चुकलेला माणूस तो! ओठ हलले, पण गळ्यातून शब्द फुटेना.

"हॅलो? कुणी आहे का? हॅलो?" फोन बंद झाला.

काकांनी पुन्हा नंबर लावला.

"नमस्कार," त्यांचाच आवाज म्हणाला. "घाबरू नका."